चालू काय आणि उरले काय: ‘ते इरु’, ‘-ऊन आहे’ आणि उसना काळतक्ता

१

जपानी भाषेतील ‘ते इरु’ या क्रियारूपाविषयी मराठी विद्यार्थ्याला पहिल्यांदा जे सांगितले जाते ते सर्वसाधारणपणे असे असते: हे रूप म्हणजे ‘चालू काळ’. ‘आमे गा फुत्ते इरु’ म्हणजे पाऊस पडत आहे. काही पाठांनंतर त्याला सांगण्यात येते की, काही क्रियापदांपुढे हेच रूप चालू क्रिया दाखवीत नाही. ‘शिन्दे इरु’ याचा अर्थ ‘मरत आहे’ असा होत नाही, ‘मेलेला आहे’ असा होतो. ‘केक्कोन् शिते इरु’ म्हणजे लग्न चालू आहे असे नव्हे, तर लग्न झालेले आहे. जगभर आणि भारतातही प्रचलित असलेल्या ‘मिन्ना नो निहोन्गो’ या पाठ्यपुस्तकात या एकाच रूपाचे धागे वेगवेगळ्या पाठांत विखुरलेले आहेत. चौदाव्या पाठात चालू क्रिया येते, पंधराव्यात स्थिती, एकोणतिसाव्यात अकर्मक क्रियापदांचा परिणाम आणि तिसाव्यात ‘ते आरु’. अध्यापनाच्या सोयीसाठी असे तुकडे करणे समजण्यासारखे आहे. परंतु या तुकड्यांना जोडणारा धागा इंग्रजी चालू काळाच्या कल्पनेतून काढला जातो, तेव्हा पहिला तुकडा ‘नियम’ आणि उरलेले ‘अपवाद’ ठरतात. अपवादांची संख्या वाढत गेली की जपानी भाषाच संदिग्ध आहे, तिला क्रिया आणि स्थिती यांतील भेद कळत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. हा निष्कर्ष वर्गाच्या चार भिंतींत राहत नाही. तो जपानी काव्याविषयीच्या बोलण्यात ‘सूचकता’, ‘धूसरता’, ‘कालातीतता’ अशी भारदस्त नावे धारण करून वावरतो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि मराठी भाषकाच्या तोंडी तर तो दुप्पट चुकीचा आहे. ‘ते इरु’मधील भेद मराठी भाषक रोज, बिनचूक आणि विनासायास करतो. तो त्याला करता येत नाही असे वाटते, याचे कारण त्याची भाषा नसून त्याला शाळेत शिकवलेला काळतक्ता आहे.

२

प्रथम जपानी वैयाकरणांनी काय केले ते पाहणे आवश्यक आहे. किन्दाइचि हारुहिको यांनी १९५० साली जपानी क्रियापदांचे चार वर्ग सुचवले, आणि वर्गीकरणाची कसोटी म्हणून ‘ते इरु’ हेच रूप वापरले. पहिला वर्ग निव्वळ स्थितिवाचक क्रियापदांचा. त्यांना हे रूप लागतच नाही. दुसरा सातत्याचा: लिहिणे, वाचणे, पाऊस पडणे, यांना ‘ते इरु’ लागले की क्रिया चालू असल्याचा अर्थ मिळतो. तिसरा क्षणिक क्रियेचा: मरणे, दिवा लागणे, लग्न होणे, यांना तेच रूप लागले की क्रिया घडून गेल्यानंतरची स्थिती दिसते. चौथा वर्ग चमत्कारिक म्हणावा असा. डोंगर उंच उभा असणे, कोणासारखे दिसणे, रस्ता वळणे अशा अर्थांची ही क्रियापदे वर्णनात नेहमी ‘ते इरु’ घेऊनच येतात. ‘मिचि गा मागात्ते इरु’ म्हणजे रस्ता वळलेला आहे. पण तो कधी सरळ होता आणि मग वळला, असे कोणी म्हणत नाही.

या मांडणीला पुढे १९७०च्या दशकात ओकुदा यासुओ यांनी मूलगामी आक्षेप घेतला. क्रिया किती वेळ टिकते हा प्रश्न गौण आहे. खरा प्रश्न असा की, क्रियेमुळे कर्त्यात पालट होतो की नाही. खिडकी उघडणारा माणूस खिडकीत पालट घडवतो, स्वतः बदलत नाही. म्हणून सकर्मक ‘आकेरु’चे ‘आकेते इरु’ म्हणजे ‘उघडत आहे’. परंतु खिडकी स्वतः उघडते तेव्हा पालट कर्त्यातच होतो. म्हणून अकर्मक ‘आकु’चे ‘आइते इरु’ म्हणजे ‘उघडी आहे’. यात संदिग्धता कोठेही नाही. मराठीत ‘उघडणे’ हे एकच क्रियापद सकर्मक आणि अकर्मक असे दोन्ही आहे, आणि भेद रूपाने दाखवला जातो: ‘उघडत आहे’, ‘उघडलेली आहे’. जपानीत रूप एक राहते आणि क्रियापदे दोन असतात. भेद दोन्ही भाषांत आहे. तो ठेवण्याची जागा वेगळी आहे. एका घरात मीठ डब्यात असते आणि दुसऱ्या घरात बरणीत. म्हणून दुसरे घर अळणी ठरत नाही.

३

आता मराठीकडे वळावे, आणि तेही पाठ्यपुस्तकातील मराठीकडे नव्हे, तर पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत जे बोलले जाते त्या मराठीकडे. ही निवड लहरीची नाही. नारायणगाव, मंचर आणि चाकण ही गावे एकाच पुणे–नाशिक रस्त्यावर आहेत. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत आणि पुणे हे भारतातील जपानीच्या अध्ययनाचे एक प्रमुख केंद्र आहे. या रस्त्याने जपानीकडे जाणारा विद्यार्थी घरून काय घेऊन निघतो, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तात्त्विक नाही.

जुन्नरच्या उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर ही नित्याची गोष्ट आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. अशा ठिकाणी ‘बिबट्या उसात शिरतोय’ आणि ‘बिबट्या उसात शिरलाय’ या दोन वाक्यांतला फरक हा व्याकरणाचा अलंकार राहत नाही. पहिल्या वाक्याने ऐकणारा उसाच्या कडेकडे पाहतो. दुसऱ्या वाक्याने तो उसाजवळच जात नाही. तिसरे वाक्य ‘बिबट्या उसात दडून आहे’ असे असेल, तर शिरण्याची घटना केव्हा घडली हे विचारण्याची गरजच उरत नाही. जे उरले आहे ती स्थिती. ‘शिरला होता’ असे कोणी म्हटले, तर ती स्थिती आता नसावी असा दिलासा त्यात असतो. चार रूपे, चार वेगवेगळे निर्णय. हे रूपज्ञान कोणत्याही शाळेने दिलेले नाही.

यांतील ‘दडून आहे’ हे रूप विशेष लक्ष देण्याजोगे आहे. नारायणगावच्या बाजारात भाव कोसळला की टोमॅटो ‘पडून असतो’. पाणी ‘साचून असते’, गोचीड ‘चिकटून असते’, जुनी भिंत ‘तग धरून असते’. माणूस एखाद्याला ‘ओळखून असतो’, एखादी गोष्ट ‘ऐकून असतो’, ‘जाणून असतो’. येथे रचना काय आहे? क्रियापदाचे ‘-ऊन’ हे रूप आणि पुढे ‘असणे’. जपानीत काय आहे? क्रियापदाचे ‘ते’ हे रूप आणि पुढे ‘इरु’, म्हणजे असणे. ज्याचा जुना अर्थ ‘बसणे’ असा होता. ‘शिरु’ म्हणजे कळणे, आणि ‘शित्ते इरु’ म्हणजे माहीत असणे. अक्षरशः ‘जाणून असणे’. जो विद्यार्थी ‘मी त्याला ओळखून आहे’ असे सहज म्हणतो, त्याला ‘शित्ते इरु’ हा अपवाद म्हणून पाठ करायला लावणे हा भाषाशिक्षणातला निव्वळ अपव्यय आहे.

हे साम्य एकटेदुकटेही नाही. ‘ते ओकु’तील ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, आणि अर्थ ‘करून ठेवणे’. ‘ते मिरु’तील ‘मिरु’ म्हणजे पाहणे, आणि अर्थ ‘करून पाहणे’. ‘माडो गा आकेते आरु’ या वाक्यात खिडकी कोणीतरी हेतुपूर्वक उघडली आहे, ती तशी उघडी आहे आणि उघडणाऱ्याचे नाव घेतलेले नाही, एवढा सगळा ऐवज आहे. इंग्रजीत तो समजावून सांगायला परिच्छेद लागतो. मराठीत तीन शब्द पुरतात: ‘खिडकी उघडून ठेवलीय’.

देहस्थितीच्या क्रियापदांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. इंग्रजी माणूस खुर्चीवर बसलेल्या माणसाविषयी चालू काळ वापरतो. मराठी माणूस ‘बसला आहे’ असे म्हणतो. ‘बसत आहे’ म्हटले तर बूड अजून टेकायचे आहे. जपानी ‘सुवात्ते इरु’ही बसलेल्या माणसाविषयीच आहे. झोपणे, उभे राहणे, हातात धरणे या सर्व ठिकाणी मराठी आणि जपानी एका बाजूला आहेत, इंग्रजी दुसऱ्या बाजूला. तरीही मराठी विद्यार्थ्याला जपानीकडे इंग्रजीच्या पुलावरून नेले जाते. ‘बाबा येत आहेत’ हे वाक्य तो इंग्रजी चालू काळ मनात धरून ‘किते इरु’ असे करतो. ऐकणारा जपानी माणूस समजतो की बाबा येऊन पोहोचलेले आहेत.

४

प्रश्न असा की, हा भेद मराठी भाषकाच्या जिभेवर इतका पक्का असताना त्याच्या जाणिवेत तो का नाही? उत्तर शालेय व्याकरणात आहे. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन काळ. प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार प्रकार. एकूण बारा घरे. दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजी आराखड्याची छाया आहे. तिच्यामागे त्या काळाची गरज होती आणि त्याबद्दल दादोबांना दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यायचा तर त्यानंतरच्या आळसाला. मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी प्रत्ययावरून पडलेली नावे वापरली. रूप आधी पाहावे आणि त्याचे अर्थ नंतर मोजावेत, ही त्यामागची शिस्त. ही शिस्त स्पर्धापरीक्षांच्या घोकंपट्टीत नावापुरती उरली. वर्गात राज्य केले ते बारा घरांनी. १९६४ साली अरविंद मंगरूळकर यांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला, पण त्यानंतरही या घरांची डागडुजीच होत राहिली.

या तक्त्याचे तीन अपराध आहेत. पहिला, ‘-ऊन आहे’ या रूपाला त्यात घरच नाही. दुसरा, ‘-लेला आहे’ हे रूप क्रियापदाच्या प्रकरणातून हाकलून धातुसाधित विशेषणांच्या प्रकरणात बसवले जाते. त्यामुळे ‘दार उघडले आहे’ हे वाक्य ‘पूर्ण वर्तमानकाळ’ ठरते आणि ‘दार उघडलेले आहे’ हे जणू ‘दार लाल आहे’सारखे वाक्य ठरते. वस्तुतः पहिल्या वाक्याचा भर घडलेल्या घटनेवर आहे, दुसऱ्याचा उरलेल्या स्थितीवर. दोन्ही एकाच क्रियेच्या व्याप्तीचे भाग आहेत. तिसरा अपराध ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ या नावांचाच आहे. ‘जुन्नर कुकडीच्या काठी वसले आहे’ या वाक्यात काय पूर्ण झाले? ‘घाटात रस्ता वळला आहे’ येथे कोणती क्रिया संपली? ही मराठीतील किन्दाइचींच्या चौथ्या वर्गाची वाक्ये आहेत. तक्ता त्यांना ‘पूर्ण वर्तमान’ म्हणतो, आणि हे नाव ऐकून विद्यार्थी गप्प बसतो, कारण परीक्षेत त्याला तेवढेच लिहायचे असते.

याच तक्त्याच्या शेजारी प्रयोगाच्या प्रकरणात आणखी एक अपवादांची यादी असते. सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की ते कर्माप्रमाणे बदलते: ‘तिने भाकरी खाल्ली’. पण ‘ती साडी नेसली’, ‘तो पाणी प्याला’, ‘तो धडा शिकला’ ही वाक्ये तशी वागत नाहीत. ही यादी विद्यार्थी पाठ करतो. कोणी असे विचारीत नाही की, नेसण्याचा परिणाम कोठे उरतो? साडीत की नेसणारीत? शिकण्याचा परिणाम धड्यात उरतो की शिकणाऱ्यात? ज्या क्रियेचा पालट कर्त्याच्याच ठायी उरतो, तेथे मराठी क्रियापद कर्त्याशी नाते ठेवण्याकडे झुकते. या यादीतील सगळीच क्रियापदे या एका सूत्रात बसत नाहीत. पण बरीच बसतात. आणि जपानीतही ‘किरु’, म्हणजे अंगावर वस्त्र घालणे, हे क्रियापद सकर्मक असूनही ‘किते इरु’ म्हटल्यावर ‘घालत आहे’ आणि ‘घातलेले आहे’ असे दोन्ही अर्थ देते. ओकुदांनंतरच्या जपानी व्याकरणाने याचे कारण तेच दिले: क्रिया कर्त्याकडे परत येते. एका भाषेत प्रयोगाचा अपवाद म्हणून आणि दुसरीत काळाचा अपवाद म्हणून दूर लोटलेली दोन तथ्ये एकाच प्रश्नाने जवळ येतात. जो प्रश्न असा दोन अपवाद एकत्र आणतो, त्याला व्याकरणात जागा द्यायची की नाही, याचा निर्णय अवघड नसावा.

५

जुन्नरला या विवेचनात आणखी एक अधिकार आहे. तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरजवळ, कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणीचा प्राकृत लेख आहे. जॉर्ज ब्यूलर यांनी १८८३ साली तो संपादित केला, वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात त्याचे मराठी वाचकाला विवरण दिले. यज्ञांची आणि दक्षिणांची ती लांबलचक यादी आहे. गाई किती, घोडे किती, याचे आकडे तिच्यात आहेत. राजकीय इतिहासकारांनी, अंकलेखनाच्या अभ्यासकांनी तिचा कसून उपयोग केला. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील सर्वांत मोलाचा शब्द ‘दिना’ हा आहे: ‘दखिना दिना’, म्हणजे दक्षिणा दिलेली. येथे ‘तिने दिली’ असे सांगणारे पूर्ण क्रियापद नाही. भूतकालवाचक धातुसाधित आहे. ते स्त्रीलिंगी ‘दखिना’शी जुळते, आणि सोबत ‘आहे’सुद्धा नाही. लेख घटनेची बातमी देत नाही. घटनेतून जे उरले त्याची नोंद करतो. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील दानलेखही ‘देयधम’ या शब्दावर थांबतात. दगडात कोरायची असते ती उरणारी गोष्ट, हे त्या लेखकांना माहीत होते.

मराठीचा भूतकाळ याच धातुसाधितातून आला. ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील ग्रंथात, जो १९४१ पासून वा. गो. परांजपे यांच्या भाषांतरामुळे मराठीत उपलब्ध आहे, हा प्रवास दाखवलेला आहे. प्राकृत धातुसाधिताला ‘ल’ जोडला गेला, आणि ‘दिलेली वस्तू’ सांगणारे रूप हळूहळू ‘देण्याची घटना’ सांगू लागले. कर्माशी जुळणे हे त्याच्या जुन्या जन्माची खूण म्हणून मागे राहिले. स्थिती सांगणारे रूप असे घटनेच्या सेवेत गेल्यावर स्थितीसाठी नवे रूप लागले: ‘दिली आहे’. तेही घटनेकडे झुकू लागले, तेव्हा ‘दिलेली आहे’. या शेवटच्या रूपात ‘ल’ दोनदा ऐकू येतो, तो उगाच नव्हे.

जपानीचा इतिहास पाहावा. आजच्या जपानीचा भूतकाळ ‘ता’ या प्रत्ययाने होतो. हा ‘ता’ अभिजात जपानीतील ‘तारि’चा अवशेष आहे, आणि ‘तारि’ म्हणजे ‘ते’ अधिक ‘आरि’, करून असणे. म्हणजे तेथेही निष्पन्न स्थितीचे रूप झिजून भूतकाळ झाले, आणि स्थितीसाठी ‘ते इरु’ नव्याने उभे राहिले. दोन भाषांचे कुळ वेगळे, भूगोल वेगळा, लिपी वेगळी. पण क्रियेचे उरणे आणि क्रियेचे घडणे यांतील ही ओढाताण दोन्हीकडे एकाच क्रमाने झालेली दिसते. बारा घरांच्या तक्त्यात हा क्रम दिसू शकत नाही, कारण त्या तक्त्यात ‘उरणे’ नावाचे घरच नाही.

६

बोलींकडे पाहिल्यावर संदिग्धतेच्या आरोपात काहीच शिल्लक राहत नाही. तोक्योच्या प्रमाण भाषेत ‘ते इरु’ हे एकच रूप दोन्ही अर्थ वाहते, हे खरे. पण पश्चिम जपानच्या अनेक बोलींत दोन रूपे आहेत: ‘योरु’ चालू क्रियेसाठी, ‘तोरु’ निष्पन्न स्थितीसाठी. फुले गळत असतील तर एक, गळून पडलेली असतील तर दुसरे. कुदो मायुमि यांनी उवाजिमासारख्या ठिकाणच्या बोलींचा अभ्यास करून दाखवले की, या व्यवस्था प्रमाण भाषेपेक्षा कमी नियमबद्ध नाहीत. जपानी भाषेला हा भेद कळत नाही असे म्हणणाऱ्याने ‘जपानी भाषा’ म्हणजे फक्त तोक्यो असे गृहीत धरलेले असते.

मराठीचेही तेच. जुन्नर-आंबेगावकडे ‘पडून राहिला’ म्हणजे पडलेल्या अवस्थेत राहिला. विदर्भात ‘पाऊस पडून राहिला’ म्हणजे पाऊस पडत आहे; ‘काय करून राहिला?’ म्हणजे काय करतोस? ‘-ऊन’ आणि ‘राहणे’ ही सामग्री एकच. तिचा एक अर्थ भीमा-घोडच्या खोऱ्यात निष्पन्न स्थितीचा, दुसरा वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यात सातत्याचा. तोक्योचे ‘ते इरु’ जे दोन अर्थ एका रूपात सांभाळते, ते मराठीने दोन प्रदेशांत वाटून घेतले आहेत. वऱ्हाडी रूपाला ‘हिंदीचा संसर्ग’ म्हणून आणि जुन्नरच्या ‘बसलाय’, ‘शिरलेलाय’ या रूपांना ‘ग्रामीण उच्चार’ म्हणून शालेय व्याकरणाने दाराबाहेर ठेवले. तिकडे जपानी अभ्यासकांनी बोलींवरून आपल्या व्याकरणाची दुरुस्ती केली. इकडे व्याकरणावरून बोलींची दुरुस्ती करण्याचा उद्योग चालू राहिला.

७

समीक्षेला या वादात पडण्याचे कारण काय, असे विचारले जाईल. कारण भाषांतराचे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, आणि एकंदरीने पाहता हा काव्यप्रकार मराठीत इंग्रजीच्या वाटेने आला. त्याने मराठी कवितेला काय दिले याचे मोल वेगळे आहे. पण इंग्रजीच्या वाटेने येताना क्रियारूपे वाटेत गळतात. बाशोच्या वाळक्या फांदीवरील कावळ्याच्या हायकूत, १६८०च्या सुमाराच्या पाठात, ‘तोमारितारु’ असे रूप आहे: बसलेला आहे. येथे ‘तारु’ म्हणजे वर सांगितलेला ‘तारि’. १६८९च्या ‘आरानो’ संग्रहात त्याचे ‘तोमारिकेरि’ झाले. ‘केरि’त एखादी गोष्ट अशी आहे हे एकाएकी ध्यानात येण्याचा भाव असतो. कवीने स्थितीचे रूप सोडून जाणिवेचे रूप घेतले. हा बदल म्हणजे त्या कवितेचा एक जिवंत इतिहास आहे. इंग्रजी चालू काळात दोन्ही पाठ एकसारखे ‘बसत’ राहू शकतात. मग भाषांतरावरून भाषांतर करणारा मराठी टीकाकार त्या कवितेत ‘कालातीत धूसरता’ शोधतो. धूसर कविता नाही, धूसर आहे तो मधला काच.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव आहे. तालुका मात्र त्या बुडालेल्या गावाचेच नाव धारण करून आहे. ‘गाव बुडाले’ ही एका काळची घटना. ‘गाव बुडालेले आहे’ ही आजची स्थिती. विस्थापनाविषयीच्या सरकारी गद्यात मात्र स्थिती सांगणारे वाक्य क्वचितच सापडते. तेथे ‘पुनर्वसन करण्यात आले आहे’ असे असते. यात कर्ता नाही, तसा तो ‘आकेते आरु’मध्येही नाही. पण जपानी वाक्यात कर्ता नसला तरी त्याच्या कृतीतून उरलेली उघडी खिडकी समोर असते. सरकारी वाक्यात कर्ताही नाही आणि उरलेली स्थितीही नाही. आहे ती फक्त क्रिया संपल्याची घोषणा. ‘पुनर्वसन झालेले आहे काय?’ असा प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याला ही घोषणा फसवू शकत नाही. ज्याच्या व्याकरणात ‘करण्यात आले आहे’ आणि ‘झालेले आहे’ ही दोन्ही एकाच ‘पूर्ण’ घरात कोंबलेली आहेत, त्याला हा प्रश्न सुचण्यातच अडचण आहे. कथा-कादंबरीच्या गद्याचे विश्लेषण करणाऱ्या समीक्षकालाही निवेदन घटना सांगते की घटनेनंतर उरलेले जग दाखवते, हे ओळखण्यासाठी याच भेदाचा आधार घ्यावा लागेल. ‘भूतकाळी निवेदन’ या एका शब्दावर भागवणे हे समीक्षेचे काम नव्हे.

८

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नावांनी काय होते? ‘पूर्ण’ म्हणा की ‘निष्पन्न’, भाषा तीच राहते. भाषा राहते, पण शिकणे तेच राहत नाही. ‘पूर्ण’ हे नाव विद्यार्थ्याला घड्याळाकडे पाहायला लावते. ‘पालट कोठे उरला?’ हा प्रश्न त्याला वस्तूकडे पाहायला लावतो. दुसऱ्या प्रश्नाने जपानी आणि मराठी दोन्ही उलगडतात, पहिल्या नावाने दोन्ही गुंततात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठी आणि जपानी यांचे साम्य ताणले तर नव्या चुका होतील. हे खरे आहे. ‘मी जेवलो आहे’ याचे जपानी ‘ताबेते इरु’ करून चालणार नाही. जपानीत त्याचा पहिला अर्थ ‘खात आहे’ असा होतो. जेवणाऱ्याचा पालट मराठीने नोंदवला आहे, जपानीने तो गौण मानला आहे. ‘मी त्या गडावर गेलो आहे’ या अनुभवकथनासाठी जपानीत ‘इत्ता कोतो गा आरु’ अशी वेगळी रचना आहे. ‘इत्ते इरु’ म्हटले तर बोलणारा अजून गडावरच आहे. ‘-ऊन आहे’ हे रूपही मराठीत सर्व क्रियापदांना लागत नाही. परंतु या मर्यादा आक्षेपाला बळ देण्याऐवजी मूळ मुद्द्यालाच बळ देतात. दोन भाषा कोठे जुळतात आणि कोठे फुटतात हे पाहायचे, तर त्या एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात. मध्ये तिसरी भाषा उभी असेल, तर जुळणेही दिसत नाही आणि फुटणेही दिसत नाही. दिसते ते फक्त तिसऱ्या भाषेपासूनचे दोघींचे अंतर, आणि त्यालाच ‘अपवाद’ म्हटले जाते.

मराठीत जपानीचे व्याकरण लिहायचे असेल, तर ते ‘बसला आहे’, ‘पडून आहे’, ‘जाणून आहे’, ‘उघडून ठेवले आहे’ या चार वाक्यांपासून सुरू व्हायला हवे. ‘पडत आहे’चा पाठ त्यानंतर येऊ शकतो. आणि तसे व्याकरण लिहिण्यापूर्वी मराठीचे स्वतःचे व्याकरण बारा घरांच्या तक्त्यातून बाहेर काढावे लागेल; त्यासाठी लागणारी सामग्री नाणेघाटाच्या लेखात कोरलेली आहे आणि नारायणगावच्या बाजारात पडून आहे. ती उचलणारा वैयाकरण मात्र अजून यायचा आहे.